आयोमीची बोटे आणि प्रेसचे पेडल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न २२ जुलै २०२५ रोजी गेला. त्यानंतर आपल्या रविवार पुरवणीत या बँडवर आलेला पानभर लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने हेवी मेटल या जड, दणदणीत रॉक संगीताला अख्खे पान द्यावे याचे मला अप्रूप वाटले. मात्र त्या पानात गिटारवादक टोनी आयोमीच्या वाट्याला एक छोटी चौकट आली आणि तिचा मथळा होता ‘जिद्दीपुढे गगन ठेंगणे’. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे.

आधी दुरुस्ती. चौकटीत म्हटले आहे की आयोमीच्या डाव्या हाताची बोटे तुटली. तुटली ती उजव्या हाताची. मधले बोट आणि अनामिका, दोन्हींची टोके. डावा काय नि उजवा काय, असे कुणी म्हणेल. पण आयोमी डावखुरा आहे. तो तारा छेडतो डाव्या हाताने आणि सूर दाबतो उजव्या हाताने. छेडायच्या हाताची ही बोटे गेली असती तर अंगठा आणि तर्जनीत पिक (तारा छेडायची छोटी चकती) धरून त्याचे बरेचसे भागले असते. यंत्राने धरला तो नेमका सूर दाबणारा हात. हात बदलून उजव्या माणसासारखे वाजवायला शिकायला हवे होते, असे त्याने पुढे स्वतः म्हटले आहे. पण दोन-तीन वर्षांचा सराव पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची तेव्हा त्याची तयारी नव्हती.

आता अपघाताकडे येतो. चौकटीत तो ‘एका दुर्दैवी अपघातात’ एवढ्या तीन शब्दांत उरकला आहे. माझी सगळी नोकरी भोसरीतल्या प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या-वाकवायच्या विभागाच्या, टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारे बनवायच्या खोलीत) गेली, त्यामुळे हे तीन शब्द मला पचले नाहीत.

साल १९६५, गाव बर्मिंगहॅम, आयोमीचे वय १७. शीट मेटलच्या कारखान्यात तो वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस होता, कारण एका बँडबरोबर जर्मनीला जायचे ठरले होते. दुपारी जेवायला घरी आल्यावर तो परत जायला तयार नव्हता. आईने सांगितले, हातातले काम पुरे करून ये. प्रेसवर पत्रा तयार करून त्याच्याकडे पाठवणारी व्यक्ती त्या दिवशी आली नव्हती, म्हणून याला त्या प्रेसवर उभे केले. पूर्वी कधी न चालवलेले यंत्र. पाय पेडलवर, हात पत्र्याबरोबर आत. प्रेस खाली आली, त्याने दचकून हात मागे खेचला आणि टोके तिथेच राहिली.

यातले दुर्दैव किती आणि व्यवस्था किती, हे प्रेस शॉपमधला कुणीही सांगेल. पायाच्या पेडलवर चालणारी प्रेस दोन्ही हात मोकळे ठेवते आणि धोका तिथेच असतो. तासाभरात पायाला आपली लय सापडते, मग हात आत असो वा बाहेर, पाय पडतोच. म्हणून पुढे दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खालीच येणार नाही अशी सोय झाली. त्यातलेही एक बटण पाचर मारून कायमचे दाबून ठेवणारे मी पाहिले आहेत, कारण नगावर पैसे मिळतात आणि सुपरवायझरही तिकडे बघत नाही. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याचे कलम २३ सांगत होते की अल्पवयीन कामगाराला पूर्ण सूचना आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख असल्याशिवाय धोक्याच्या यंत्रावर उभे करू नये. सतरा वर्षांचा मुलगा त्यात येत असे. ‘आज अमका आला नाही, तू उभा राहा’ हे वाक्य मात्र कुठल्याच कायद्याने अजून बंद झालेले नाही.

मग हा माणूस पुन्हा वाजवू कसा लागला? इथेच ‘जिद्द’ या शब्दावर माझा राग आहे, कारण तो शब्द आला की पुढचे तपशील कुणी विचारत नाही. कारखान्याचा फोरमन त्याच्या घरी जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी घेऊन गेला. आयोमीला ऐकायची इच्छा नव्हती, तरी फोरमनने ती बळेच लावायला लावली आणि मग सांगितले की हा वादक दोनच बोटांनी वाजवतो. १९२८ सालच्या आगीत राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झाली होती. चौकटीत हा फोरमन नाही. मला तो आयोमीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर आयोमीने जे केले ते निखळ टूलरूमचे काम आहे. भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याचा गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल एवढे भोक पाडले आणि घासून घासून शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणे तयार केली. प्लॅस्टिक तारेवरून घसरते, म्हणून जुन्या जाकिटाचे चामडे कापून वर चिकटवले. चामडे जाड झाले तर तार कळत नाही, पातळ झाले तर फाटते. मुळात टोपणातून बोटाला स्पर्शच होत नाही, तेव्हा किती दाबायचे हे कानाने ठरवायचे. अशी टोपणे तो आयुष्यभर वापरत आला आहे. फिटिंगचे काम केलेल्या माणसाला यातली चिकाटी तर दिसतेच, त्याहून जास्त दिसते ते माप.

पुढची अडचण तारांची. त्या काळच्या जाड तारा अशा बोटांनी वाकेनात. बारीक तारांचे संच तेव्हा इंग्लंडमध्ये सहजी मिळत नसत, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावून पाहिल्या. कंपन्यांकडे गेला, तर असल्या तारा कोण घेणार म्हणून त्यांनी परत पाठवले. शेवटी वेल्समधल्या एका कंपनीने बनवून दिल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, वाकवायला सोप्या झाल्या आणि आवाज आणखी खोल गेला. त्यानंतरच्या कित्येक मेटल बँडनी गिटार उतरवायची पद्धत उचलली.

हार्मोनियम थोडी शिकलो असल्याने एक गोष्ट लिहितो, ती आपल्या लेखात असती तर मराठी वाचकाला हे संगीत जवळचे वाटले असते. ‘ब्लॅक सॅबथ’ हेच नाव असलेल्या त्यांच्या गाण्याची मूळ सुरावट तीन सुरांची आहे. खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि मग मधला तीव्र मध्यम. बास वाजवणाऱ्या गीझर बटलरला गुस्ताव होल्स्ट या संगीतकाराची मंगळावरची रचना आवडायची, ती तो वाजवत असे आणि त्यातून आयोमीला हे सुचले. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे जातो आणि मन निवते. आयोमी पंचमाकडे जातच नाही. तीव्र मध्यमावर तो सूर थरथरवत ठेवतो आणि ऐकणारा टांगलेला राहतो. बँडच्या काळ्या कपड्यांवर आणि क्रुसांवर आपल्या लेखात दोन परिच्छेद आहेत. भीती खरे तर या एका सुरात आहे.

हे गाणे असलेला बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आला. ध्वनिमुद्रण सुरू असतानाच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) बिघडला, म्हणून त्याने जवळची गिब्सन एसजी ही दुसरी गिटार उचलली आणि पुढे एसजीच त्याची ओळख झाली. समीक्षकांनी अल्बमला झोडपले, लोकांनी घेतला. त्याच वर्षीचा ‘पॅरानॉईड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. गाणी ‘ऑझीने लिहिली’ हे लेखातले वाक्यही दुरुस्त करावे. शब्द बहुतेक बटलरचे आणि गिटारच्या सुरावटी आयोमीच्या. बँडमधले चौघेही बर्मिंगहॅमच्या कामगार वस्त्यांतले. ऑझीने कत्तलखान्यात आणि मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यात काम केले होते. बटलर हिशेबनिसाची उमेदवारी करत होता. आयोमीचे घराणे इटालियन वंशाचे, घरात अकॉर्डियन वाजायचे. याला ड्रम हवे होते, पण गोंगाट नको म्हणून ते मिळाले नाहीत. शेजाऱ्यांच्या कानांना त्याचा किती फायदा झाला, देव जाणे.

१९६८च्या अखेरीस तो काही दिवस ‘जेथ्रो टल’ या बँडमध्ये गेला होता. सकाळी नऊला तालीम सुरू होते हे तिथे पाहिले, परत आला आणि आपल्या तिघांना सकाळी उठवायला लागला. पुढची चार दशके झटपट सांगता येतील. व्यसने, भांडणे, १९७९ मध्ये ऑझीची हकालपट्टी, रॉनी जेम्स डिओ या गायकाबरोबरचा नवा डाव, मग गायकांची ये-जा. या साऱ्या काळात बँडच्या प्रत्येक अल्बमवर असलेला माणूस एकच, आयोमी. २०१२च्या सुरुवातीला त्याला लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार चालू असताना त्याने ‘१३’ या अल्बमचे काम केले आणि २०१३ मध्ये तो ब्रिटन व अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजवले, तेव्हा आयोमी ७७ वर्षांचा होता. त्याचा जन्म त्या मैदानाच्या आसपासच्याच वस्तीतला.

शेवटी एक विनंती. आपल्या शहर पानावर महिन्या-दोन महिन्यांनी ‘प्रेसमध्ये हात सापडून कामगार जखमी’ अशी चार ओळींची बातमी येते. त्यात कामगाराचे नाव, वय आणि कधीकधी चुकीचा हात असतो. बातमीदाराने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. तो त्या यंत्रावर किती दिवस होता, गार्ड (हात आत जाऊ न देणारा आडोसा) बसवलेले होते की काढून ठेवले होते, आणि त्या दिवशी तो कुणाच्या जागी उभा होता. उत्तरे मिळाली तर छापावीत. मिळाली नाहीत, तर कारखान्याने ती दिली नाहीत हे छापावे.

आपला नियमित वाचक,
निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड