वायरिंग कापू नकोस

प्रिय बाळ्या,

तुझी दोन पत्रं आली, एकालाही उत्तर गेलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे बरे. बीपीची गोळी चालू आहे, तिचं काय सांगायचं.

अण्णांच्या फियाट पद्मिनीची सगळी वायरिंग उपटून नवी टाकायची म्हणतोस, ते वाचून राहवलं नाही. हेडलाइट पिवळे पडतात आणि उजवा मधूनच जातो, एवढ्यासाठी? त्या इलेक्ट्रिशियनला आधी थांबव. मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, एकदा कापला की वायरींचे रंग जुळत नाहीत, आणि कुठली वायर कुठे जाते हे फक्त त्यालाच माहीत असतं. वर्षभरात तोही विसरतो. आतलं तांबं सहसा मरत नाही रे, मरतात ते जोड.

पद्मिनीत हेडलाइटला कंपनीचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा मधला स्विच, नाही. बॅटरीचा सगळा करंट स्विच, डिपरचा स्विच, फ्यूज असा गावभर फिरून बल्बपाशी पोचतो. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर. प्रत्येक काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टवर थोडा व्होल्टेज खाल्ला जातो, आणि बल्ब मोठा नाजूक प्राणी: व्होल्टेज दहा टक्के उतरला की उजेड तीस टक्के उतरतो.

आता नीट ऐक, कारण तू मल्टीमीटर घेऊन उलटंच करणार. होल्डर काढून मोकळ्या पिनांवर मीटर लावू नकोस. करंट वाहत नसला की गंजलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते, आणि मग तू मला पत्र लिहिणार की वायरिंग छान आहे. होल्डर बल्बवर राहू दे, लाइट चालू ठेव, होल्डरच्या पाठीमागून वायरीलगत टाचणी घाल आणि टाचणीला प्रोब लाव.

पहिली अर्थिंग बघ, म्हणजे बल्बमधून गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट. एक प्रोब बल्बच्या अर्थच्या पिनवर, दुसरा बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर. ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्धा-एक व्होल्ट आला तर चोर सापडला. मीटर नसेल तर एक जाड वायर मायनसपासून थेट त्या पिनला लाव, लाइट खाडकन उजळला की तेच. मडगार्डच्या आत, हेडलाइटच्या डब्यामागे चिखल साचतो, तिथला अर्थचा स्क्रू गंजतो. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घास, वायरीच्या टोकाला नवा लग, दातेरी वॉशर, घट्ट आवळ, वरून व्हॅसलिन. व्हॅसलिन आधी फासू नकोस.

तुझा उजवा मधूनच जातो म्हणून एक खूण सांगतो. डिपर (खालचा झोत) लावल्यावर डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांब झोताचा) निळा दिवा मिणमिणतो का? एका लाइटची अर्थ तुटली की डिपरचा करंट त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पलीकडच्या बल्बमधून नि त्या निळ्या दिव्यातून वाट काढतो. म्हणून एक लाइट लख्ख आणि दुसरा दोन्ही फिलामेंट अर्धवट लालसर. हे दिसलं तर स्विचला हात लावायचं कारणच नाही.

अर्थ निर्दोष निघाली तर लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा बल्बच्या डिपरच्या पिनवर. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. जास्त आला तर काळा प्रोब बॅटरीकडे एकेक टप्पा मागे आण: फ्यूजची दोन्ही टोकं, डिपर, स्विच. आकडा जिथे एकदम गळतो, दोष तिथेच. फ्यूज पट्टीवाले असतील तर त्यांच्या क्लिपा ढिल्या पडतात. फ्यूज बोटाने फिरवला की लाइट वाढतो, मग लोक फ्यूज बदलतात आणि क्लिप तशीच ठेवतात. स्विचचे पितळी पॉइंट काळे असतील तर बारीक पॉलिश पेपर, हलक्या हाताने. कानस नाही!

इंजिन वाढवलं की उजेड वाढतो आणि आयडलला पडतो, एवढंच होत असेल तर तो इंजिनावर फिरणाऱ्या डायनामोचा स्वभाव. उलट बल्ब पटापट उडत असतील आणि बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर आकडा जात असेल, तर कटआउटच्या डब्यातला व्होल्टेज रेग्युलेटर बघ.

आणि ते १००/९० वॉटचे बल्ब अजून आत असतील तर आजच काढ. त्यांनीच स्विच जाळला असणार. त्यावरून आपण बोलणं टाकलं होतं, ते मी विसरलेलो नाही, आणि तेव्हाही मीच बरोबर होतो. ६०/५५ घाल.

जोड साफ करून झाले की मग दोन रिले बसव, एक अप्परला, एक डिपरला. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीपासून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, प्रत्येक रिलेला वेगळा. ८७ वरून दोन्ही लाइटला. ८५ अर्थला. ८६ ला जुन्या होल्डरमधून येणारी वायर, ती न कापता, होल्डरमध्येच लग खोचून. लाइटला नवे होल्डर घे. म्हणजे जुन्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा, जेमतेम पाव अँपिअरचा भार राहतो, आणि उद्या गाडी अण्णांच्या वेळी होती तशी करायची झाली तर सगळं काढून ठेवता येतं. रिले पिना खाली करून लाव, पाणी शिरत नाही. नंतर भिंतीवर फोकस बघ, नाहीतर आंबा घाटात समोरचे ट्रकवाले तुझा उद्धार करतील.

तुझ्या लेकीच्या ॲडमिशनचं कळलं, झकास. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं का? घराच्या भांडणावर भेटल्यावरच बोलू, पत्रात मावणार नाही.

अंधार पडल्यावर डिपर लाव, निळ्या दिव्याकडे बघ आणि लागतो की नाही एवढं आधी कळव. तोवर त्या माणसाला पक्कड हातात घेऊ देऊ नकोस.

तुझा,
नंदू