माळ्याचं गोदाम

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. यंदा आपल्या दुकानासाठी रुडकीला जमीन मोजायच्या साखळ्यांची आणि नकाशा काढायच्या प्लेन टेबलची ऑर्डर दिली नाही. माळ्यावरचं गोदामही महिनाअखेरीस सोडतेय. घरमालकांना सांगून झालंय.

तुम्हाला वाईट वाटणार. पण मोजणीखातं आता ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, आणि उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या रोव्हरवर गेलं. साखळी मागतात ती पॉलिटेक्निकवाले, तीही सत्र सुरू होताना, वीस मीटरच्या पाच-दहा. बाकी माल वर पडून गंजतो. ओढाओढीत कड्या उघडल्या की साखळी लांबते आणि शेत कागदावर लहान होतं. असा माल तुम्हीच कधी कुणाला दिला नाहीत. शिवाय तो जिना, आणि तुमचे गुडघे. मी पुष्कळ विचार केलाय, खरंच.

उंचसखल मोजायच्या लेव्हल, त्यांच्यासोबतचे आकडे कोरलेले चार मीटरचे स्टाफ, ओळ धरायचे रेंजिंग रॉड, तिपाया, टोटल स्टेशनचे प्रिझम हे सगळं चालूच आहे. तिपाई पाच-अष्टमांश इंचाच्या स्क्रूचीच घेते, म्हणजे कुठलंही यंत्र बसतं आणि गावोगावच्या दुकानदारांकडून माल परत येत नाही.

लेव्हलची तपासणी तुमच्याच पद्धतीने होते. गोल बुडबुडा मधोमध आणायचा, तिपाईच्या पायाला हलकी टिचकी मारायची. रीडिंग पुन्हा त्याच आकड्यावर आलं नाही तर नजर आपोआप आडवी ठेवणारा आतला कॉम्पेन्सेटर अडकलाय. मग एकमेकींपासून साठ मीटरवर दोन खुंट्या. आधी बरोबर मध्यावरून दोन्हींच्या उंचीतला फरक काढायचा, मग एका खुंटीजवळून. दोन्ही उत्तरांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत दिसली तर यंत्र मेकॅनिककडे. आता हे दुकानातली मुलं करतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही उन्हात उभं राहून स्टाफ वाचायचा नाही. नाही म्हणजे नाही.

तुमची खुर्ची खालीच ठेवलीय, काउंटरमागे, पंख्याखाली. आई, तिथंच बाबांचा डबा गरम करायची सोय केलीय.

शंभर कड्यांची जुनी साखळी मात्र विकली नाही, बाबा. तिच्या पितळी बिल्ल्याला एक दात म्हणजे दहा कड्या, दोन दात वीस, मधला गोल बिल्ला पन्नास. तुमच्या मांडीवर बसून मी आकडे त्या पितळेवरच शिकले. ती तेल लावून घरी आणलीय.

आता गावच्या घरातल्या दुर्बिणीचं. ओलसर पेटीत बंद ठेवू नका, पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते आणि मग ती काचेत खड्डे पाडते. भिंग उपरण्याने पुसायचं नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची. पेटीतले ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे गुलाबी झाले असतील तर पुडीतून काढून मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवा. आई, पोळीचा तवा अजिबात घेऊ नकोस, ते पोटात जाता कामा नये. जुना पत्रा घे आणि खिडकी उघडी ठेव.

पेटी वरच्या फळीवर असेल तर शेजारच्या मुलाला हाक मारा. बाबा, तुम्ही स्टुलावर चढू नका. आई, तूही नाही.

तुमची,
ताई