कर्जाचे कारण : दवाखाना

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत सोनेतारण विभागात लिपिक आहे. सोनेतारणाच्या अर्जावर एक रकाना असतो : कर्जाचे कारण. तेरा वर्षं मी तो लोकांना विचारून भरते आहे. बियाणं-खतं, लग्न, पोरांची फी, घराचे पत्रे आणि दवाखाना. दवाखाना म्हणताना माणूस आवाज खाली घेतो, हेही तेरा वर्षं बघते आहे. गेल्या नोव्हेंबरात काउंटरच्या पलीकडे मी स्वतः उभी राहिले. संस्थेच्या सराफांनी माझ्या पाटल्या कसोटीला लावल्या, वजन केलं, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला न विचारताच त्या रकान्यात लिहून टाकलं. तिला माहीत होतं.

आपल्याला लिहायचं कारण एवढंच की त्या पाटल्या गहाण पडायला नको होत्या. तसा शब्द सरकारनं आम्हाला दिला होता.

जुलै २०२३मध्ये शासन निर्णय निघाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू होणार आणि मोफत उपचारांचं वर्षाचं कवच दीड लाखावरून ५ लाख होणार. १ जुलै २०२४पासून त्याचा अंमल सुरू झाला. तोवर ही योजना मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांची होती. आमचं कार्ड पांढरं. माझा पगार २३,५०० रुपये, मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, एक टेम्पो, तोही महिन्यातले पंधरा-सोळा दिवस चालणारा. पण कार्ड पांढरं म्हणून आजवर आम्ही श्रीमंतांत जमा होतो. त्यामुळे ती बातमी वाचून आमच्या घरात खरंच आनंद झाला. मी कात्रण कापून निळ्या फाइलीत लावलं.

ती निळी फाइल म्हणजे आमच्या घराची तयारी. त्यात आधार, रेशन कार्ड, सासूबाईंची औषधांची चिठ्ठी, सगळ्यांचे रक्तगट, साठ हजारांच्या ठेवीची पावती आणि २०१७ साली काढलेली आम्हा दोघांची आरोग्य विम्याची पॉलिसी. सात वर्षांत एकदाही क्लेम केला नव्हता. मालकांना रक्तदाब होता, तो पहिल्याच फॉर्मवर लिहून दिला होता आणि त्या आजाराचा क्लेम मिळण्याआधीची चार वर्षांची प्रतीक्षाही २०२१मध्ये संपली होती. ऑगस्ट २०२४चं नूतनीकरण आलं ते ३६,४०० रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,५५२. एकूण ४२,९५२. माझ्या जवळजवळ दोन पगारांएवढे. त्याच महिन्यात टेम्पोचा विमा होता आणि धाकटीची हॉस्टेल फी होती.

त्या रात्री आम्ही दोघं फाइल उघडून बसलो. मालक म्हणाले, सरकारनंच पाच लाख दिलेत, मग हे कशाला? मी कात्रण दोनदा वाचलं आणि हो म्हणाले. मंत्रिमहोदय, पॉलिसी सोडण्याचा निर्णय माझा होता, तो मी कुणावर ढकलत नाही. पण तो मी कुणाच्या शब्दावर घेतला, हे आपल्याला कळायला हवं.

गेल्या नोव्हेंबरात रात्री अकराला मालकांच्या छातीत दुखायला लागलं. घाम, डावा हात जड. १०८ला फोन केला, गाडी वेळेत आली, एक रुपया घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण जे चाललंय ते चाललंय असंही म्हटलं पाहिजे. ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, तोंडात गोळी दिली आणि म्हणाल्या, ताई, इथं अँजिओप्लास्टी होत नाही, थांबू नका. मग सत्तर किलोमीटर. शहरातलं मोठं खासगी रुग्णालय, दारातच योजनेचा फलक. तो बघून मला धीर आला.

काउंटरवर सांगितलं, योजनेच्या खाटा भरल्यात. मग सांगितलं, रेशन कार्डावर नावापुढे ‘राव’ आहे, आधारवर नाही, त्यामुळे सिस्टिम घेणार नाही. मग सांगितलं, सरकारकडून आमची बिलं थकलीत, तुम्ही आधी एक लाख डिपॉझिट भरा, उद्या सकाळी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे इथले मदतनीस, आले की बघू. पाऊण तासात तीन कारणं, आणि तिन्ही तोंडी. मी म्हटलं, लिहून द्या. तर म्हणाले, असं लिहून देत नाही. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय या योजनेतच आहे, हे मला नंतर कळलं. त्या रात्री ते कळून तरी काय उपयोग झाला असता? स्ट्रेचरवर माझा माणूस पांढराफटक पडला होता आणि मी ‘राव’ या एका शब्दासाठी भांडत होते. दिरांनी आणि भाच्यानं फोनवरून इकडून तिकडून पैसे फिरवले, एक लाख उभे केले आणि मग दार उघडलं.

शेवटचं बिल २,६४,७०० रुपये. साठ हजारांची ठेव मोडली, १,४०,००० पाटल्यांवर उचलले, उरलेले ६४,७०० दिरांचे देणं आहे. दीर मागत नाहीत. पण जावेच्या बोलण्यात ते येतं, आणि येणारच.

बिलाच्या अकरा पानांत एक ओळ स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची होती. स्टेंटच्या किमतीला फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारनं वेसण घातली, औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली, आणि ते फार चांगलं झालं. पण स्टेंट काही एकटा आत जात नाही. बलून, कॅथेटर, गाइड वायर यांना तशी कमाल किंमत ठरवून दिलेली नाही. एका वस्तूला कुलूप लावलं आणि शेजारची चार दारं सताड उघडी ठेवली, तर पैसा तिथून जाणार हे पतसंस्थेतला शिपाईसुद्धा सांगेल. आमच्या बिलात तो तिथूनच गेला.

कायदे नाहीत असं नाही. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९चा आहे. त्याचे नियम जानेवारी २०२१मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद लावा, दरपत्रक लावा, तक्रार निवारण कक्ष ठेवा, बिलासाठी मृतदेह अडवू नका. दरपत्रक लावायला सांगितलं, पण दर किती असावा हे सांगितलं नाही. रुग्णालयांची नोंदणी आणि दर्जा यांसाठीचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१०चा, तो आपल्या राज्यानं स्वीकारलेलाच नाही. आणि दर ठरवता येत नाहीत असं कुणी मला सांगू नये. मे २०२०मध्ये याच राज्यानं खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर एका अधिसूचनेनं बांधले होते. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तेव्हा जमलं. साथ सगळ्यांच्या दारात होती म्हणून जमलं का? छातीतली कळ एकेकाच्या घरात येते, म्हणून तिला दर बांधायची घाई नाही का?

बाकी दारंही ठोठावून झाली. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत असतात. दुर्बलांची उत्पन्नमर्यादा वर्षाला ३ लाख ६० हजार, आणि आमचं मिळून साडेचारच्या आसपास. कामगार विम्याची पगारमर्यादा २०१७पासून २१,०००वर थांबलेली, मी अडीच हजारांनी बाहेर. गरिबाच्या रांगेत उभं राहिलं की तुमचं उत्पन्न जास्त आहे म्हणतात, डिपॉझिटच्या खिडकीवर गेलं की ते कमी पडतं.

ज्या वर्षी आम्ही पॉलिसी सोडली त्याच वर्षी विम्याचे नियम ग्राहकाच्या बाजूनं बदलले होते. १ एप्रिल २०२४पासून आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त चारऐवजी तीन वर्षं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालवली की, फसवणूक वगळता, माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मे २०२४च्या परिपत्रकानं कॅशलेसचा, म्हणजे बिल थेट कंपनीनं भरण्याचा, निर्णय तासाभरात द्यायला सांगितलं. आमची तर सात वर्षं झाली होती! आम्ही त्या उंबऱ्याच्या आत होतो आणि स्वतःच्या पायानं बाहेर आलो. मग २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला. तेच सव्वा वर्ष आधी झालं असतं, तर ६,५५२ रुपये वाचले असते आणि कदाचित त्या रात्री आम्ही फाइल मिटून झोपलो असतो. हा केंद्राचा विषय आहे हे मला कळतं. पण आमच्या घरात केंद्राची एक खोली आणि राज्याची दुसरी असं काही नाही. सगळं एकाच फाइलीत येतं.

आणि हे सगळं भरती झालेल्या माणसाचं. घरी बसून आजारी असलेल्याचं काय? सासूबाई ७६ वर्षांच्या. सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४मध्ये आलेलं, भरती झाल्यावर मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड आम्ही लगेच काढलं, लॅमिनेट केलं. त्यांना साखर आणि रक्तदाब, महिन्याची औषधं १,८५० रुपयांची. त्या पथ्य पाळतात, गोळी चुकवत नाहीत, म्हणून भरती व्हायची वेळ येत नाही. आणि भरती होत नाहीत म्हणून त्या कार्डातून आजवर एक गोळीसुद्धा आलेली नाही. आता मालकांच्या गोळ्या त्यात मिळाल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची, मिळून २,३०० रुपये. महिन्याला ४,१५०. हे दर महिन्याचं, आणि सुटका नाही. योजनेतून उपचार झाले असते तरी डिस्चार्जनंतर थोड्याच दिवसांची औषधं मिळाली असती. पुढचं आयुष्य आमचं आम्हीच पाहायचं.

आवश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक महागाईला बांधलेल्या आहेत. त्यात एप्रिल २०२२मध्ये १०.७७ टक्के आणि एप्रिल २०२३मध्ये १२.१२ टक्के वाढ करायची मुभा कंपन्यांना मिळाली. दोन एप्रिल मिळून चोवीस टक्के. माझा पगार त्या दोन वर्षांत अकराशेनं वाढला. डॉक्टरांनी औषध जेनेरिक नावानं लिहावं असा नियम ऑगस्ट २०२३मध्ये निघाला आणि तीनेक आठवड्यांत स्थगित झाला. नियम काढायला वेळ लागतो तेवढा मागे घ्यायला का लागत नाही?

केंद्राचाच हिशेब सांगतो की २०२१-२२मध्ये देशाच्या आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४मध्ये हेच ६४.२ टक्के होते, म्हणजे कमी झाले, आणि मी ते मान्य करते. पण सोनेतारणाच्या काउंटरवर मला ती घट दिसलेली नाही. २०१७च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२५ येऊन गेलं. आमच्याकडे फलक वाढले, कार्डं वाढली, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या त्या डॉक्टरीणबाई रात्रपाळीला अजून एकट्याच असतात. मला तर आता वाटतं की मुळात चूक तिथंच झाली. दवाखाना बांधायचा, तिथं डॉक्टर टिकवायचा, हे कष्टाचं काम सोडून सरकार कार्ड वाटायला लागलं. कार्ड घेऊन आम्ही दुसऱ्याच्या दारात उभे, आणि दार उघडायचं की नाही हे तो दुसरा ठरवणार.

सुप्रीम कोर्टानं १९९६मध्ये, पश्चिम बंगालच्या खटल्यात, सरकारी रुग्णालयात तातडीचे उपचार वेळेवर न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे असं म्हटलं. राजस्थाननं २०२३मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. आमचा हक्क मात्र फलकावरच राहिला. फलक दाखवून कुणाला कोर्टात खेचता येत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. योजनेतलं रुग्णालय रुग्णाला नाकारत असेल, तर त्यानं वेळ आणि कारण घालून, सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं, आणि न दिल्यास दंड व्हावा. एवढा एक कागद त्या रात्री सक्तीचा असता, तर ती तीन कारणं त्यांच्या तोंडातून निघाली नसती. मे २०२०सारखे दर पुन्हा बांधावेत, निदान तातडीच्या उपचारांचे. आणि साखर, रक्तदाब, हृदयाच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याला, न चुकता मिळाव्यात. तिथले उपचार ऑगस्ट २०२३पासून मोफत आहेत, पण मी तीनदा गेले आणि दोनदा गोळी संपलेली होती.

आता एकच विचारायचं आहे. मालकांना घेऊन नवी पॉलिसी काढायची तर कंपनीनं ५३,८०० रुपये सांगितलेत, त्यात हृदयाच्या आजारासाठी तीन वर्षं थांबायचं. तोवर मालक एकसष्ट पार करतील. हप्ता भरायचा तर पाटल्या सोडवणं लांबतं, न भरायचा तर पुन्हा तुमच्या ५ लाखांवरच भिस्त. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत मला ठरवायचं आहे. आपण किंवा आपल्या कार्यालयानं सहीनिशी एका ओळीत कळवावं, भरू की नको. ते पत्र मी निळ्या फाइलीत, कात्रणाच्या जागी लावीन.

आपली,
सोनेतारण विभागातील एक लिपिक,
सातारा जिल्हा