पक्ष केवळ हेव्यादाव्यांतून जन्मले नाहीत

महोदय,
अमेरिकेतील पहिल्या राजकीय पक्षांविषयीचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. तेव्हाचे अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफर्सन यांच्या वैयक्तिक हेव्यादाव्यांतून हे पक्ष उभे राहिले, हे त्यातील मत पटले नाही. दोघांचे पटत नव्हते हे खरेच. पण वाद पैशाचा आणि राज्यघटनेचा होता. १७९० मध्ये राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातील कर्जे केंद्राने अंगावर घेतली, तेव्हा आपले कर्ज बरेचसे फेडून बसलेल्या व्हर्जिनियाला तो भुर्दंड वाटला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय बँकेचे विधेयक आले आणि घटनेत स्पष्ट न लिहिलेला अधिकार काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) आहे का, यावर मंत्रिमंडळच दुभंगले. ही दोन माणसे नसती तरी हे प्रश्न उरलेच असते. संसदेच्या प्रतिनिधिगृहात हॅमिल्टन यांच्या या योजनांविरोधात बाजू लढवली ती व्हर्जिनियाचे प्रतिनिधी मॅडिसन यांनी, आणि तेच तीन-चार वर्षांपूर्वी हॅमिल्टन यांच्या जोडीने घटनेच्या समर्थनार्थ लेख लिहीत होते! गंमत म्हणजे, पक्षबाजीपासून सावध करणारे वॉशिंग्टन यांचे १७९६ चे निरोपाचे निवेदनही बरेचसे हॅमिल्टन यांच्याच लेखणीतून उतरले होते. लेखात याचा उल्लेख हवा होता.
– एक वाचक, सातारा