डिझाइनची डिग्री, पगार आणि हप्ता

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

जेवताना तुझ्या कॉलेजचा विषय निघाला की तुझा आणि बाबांचा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून लिहून देतेय. आधी माझं मत: तू ग्राफिक डिझाइनच शिक, आणि इथे न्यू जर्सीत आपल्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजातच, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजातच शिक. मला काळजी आहे ती या दोन वर्षांची नाही, त्यापुढे बॅचलर्ससाठी लागणाऱ्या दोन वर्षांची.

डिझाइनमध्ये पैसे नाहीत हे पटवायला बाबा तुला कॉलेज स्कोअरकार्डवरचे आकडे दाखवतात. ती अमेरिकेच्या शिक्षण खात्याची वेबसाइट आहे. एखाद्या कॉलेजातून तोच कोर्स पूर्ण केलेल्यांचा मधला पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) आणि मधलं कर्ज तिथे बघता येतं. आकडे खरे आहेत, पण कोणाचे ते बघ. पगार मोजतात तो फक्त केंद्र सरकारची ग्रँट किंवा लोन घेतलेल्यांचा. कर्जाच्या आकड्यात एक डॉलरही कर्ज न काढता शिकलेले धरतच नाहीत, आणि कम्युनिटी कॉलेजात अशी मुलं पुष्कळ असतात. कोर्सला मुलं थोडी असतील तर आकडा देतच नाहीत. म्हणून त्या एका आकड्यावर तुझा निकाल लावायला मी तयार नाही.

पण तू पुढे करतेस तो आकडाही तितकाच तपासून घ्यायला हवा. मे २०२४ मध्ये देशभरातल्या ग्राफिक डिझायनरांचा मधला पगार वर्षाला ६१,३०० डॉलर होता, बरोबर. त्यात वीस-वीस वर्षं काम केलेली माणसंही आली, आणि फ्रीलान्स करणारे मात्र नाहीत. शिवाय हा आकडा देणारा कामगार सांख्यिकी विभागच सांगतो की या कामात शिरायला सहसा बॅचलर्स लागते. दोन वर्षांच्या डिग्रीवर पहिल्याच नोकरीत तेवढे मिळतील असं धरू नकोस.

मी मुद्दाम कमी धरून हिशेब केला, वर्षाला ३६,००० डॉलर. सरकारी लोन तुला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० मिळू शकतं. सगळं उचललंस तर १२,०००. २०२५-२६ च्या ६.३९ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १३६ डॉलर, म्हणजे पगाराचे साडेचार टक्के. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजांच्या करिअर कोर्सेससाठी सरकारने वर्षाचा हप्ता कमाईच्या आठ टक्क्यांत बसावा अशी एक मर्यादा लावली होती. तुझ्या कोर्सला ती लागू नाही, पण माप म्हणून मला ती पटते. तू त्यात आरामात बसतेस. घरीच राहशील, त्यामुळे एवढं कर्ज काढायची वेळही बहुधा येणार नाही. काढावं लागलंच तर आधी सबसिडाइज्ड भाग घे, शिकत असेपर्यंत त्याचं व्याज सरकार भरतं. फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, वेळेवर भर. सरकारची पेल ग्रँट मिळाली तर ती फेडायची नसते.

आता हाच हिशेब चार वर्षांचा कर. सरकारी लोन चार वर्षांत मिळून जास्तीत जास्त २७,००० मिळू शकतं. तेवढं सगळं झालं तर दहा वर्षांच्या फेडीत हप्ता ३०५ च्या घरात जातो, आणि त्या ३६,००० च्या पगारातले दहा टक्क्यांहून थोडे जास्त जातात. म्हणून कम्युनिटी कॉलेजातली क्रेडिट्स, म्हणजे पास केलेले विषय, पुढे बॅचलर्सला जशीच्या तशी धरली जातात की नाही, हा माझ्या दृष्टीने पगाराहून मोठा प्रश्न आहे. न्यू जर्सीत २००८ पासून राज्यव्यापी ट्रान्सफर करार आहे. ए.ए. किंवा ए.एस. (कला किंवा विज्ञानाची दोन वर्षांची) डिग्री असेल तर राज्याच्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षापासून सुरुवात करता येते. ए.ए.एस. (थेट नोकरीसाठीची दोन वर्षांची) डिग्री त्यात येत नाही, आणि डिझाइनचे कितीतरी कोर्स नेमके ए.ए.एस.च असतात! लगेच नोकरी करायची असेल तर ते चांगले, हाताला काम शिकवतात. पण बॅचलर्स करायची असेल तर त्यातले किती विषय पुन्हा घ्यावे लागतील ते आधी लेखी विचारून घे. एक जादा वर्ष म्हणजे एका वर्षाची फी आणि एका वर्षाचा बुडालेला पगार.

न्यूयॉर्कच्या एफआयटीचं (फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. ती सुनीची (न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाची), म्हणजे सरकारी संस्था आहे, पण त्या राज्याच्या रहिवाशांसाठी स्वस्त. आपल्याला बाहेरच्या राज्याची फी पडेल, वर ट्रेनचा पास. दोन वर्षांनी तुझा पोर्टफोलिओ बघून पुन्हा विचार करू, आत्ता नको.

आणि पॅरेंट प्लस लोन, म्हणजे आई-बाबांच्या नावावरचं सरकारी कर्ज, आम्ही काढणार नाही. त्याचा २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के, वर चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. आजी पुण्याची एफडी मोडायला निघाली आहे, तिलाही मी नाही सांगितलंय. ते तिच्या औषधपाण्याचे पैसे आहेत, आणि या हिशेबात त्यांची गरज कुठेच लागत नाही.

शनिवारी कॉलेजचं ओपन हाउस आहे. बाबांना मी तयार केलंय, आपण तिघं जाऊ. सॉफ्टवेअर लॅब बघण्यात वेळ घालवू नकोस, डिझाइन शिकवणाऱ्या प्राध्यापकांना गाठ. गेल्या वर्षी पास झालेली मुलं आज कुठे काम करतात, इंटर्नशिप पगारी असते का, आणि डिग्री ए.ए. की ए.ए.एस., एवढं तूच विचार. बाबा मध्ये बोलणार नाहीत, तसं कबूल करून घेतलंय.

तुझी,
आई