चौपाटीला चौपाटीच म्हणू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सोलापुरात समुद्र नाही, मग चौपाटी कसली? फूड कोर्ट किंवा खाद्यनगरी अशी पाटी लावा,' अशी सूचना आपल्या वाचकांच्या पत्रांत वाचली. ती मला अजिबात पटली नाही. मी एका पतसंस्थेची पिग्मी एजंट आहे. संध्याकाळी पार्क मैदानाजवळच्या खाण्याच्या गाड्यांवरून, म्हणजे आमच्या चौपाटीवरून, रोजच्या बचतीचे पैसे गोळा करते, त्यामुळे हा शब्द रोज कानावर पडतो.

आधी अर्थाचं बघू. मुंबईच्या जुन्या गॅझेटियरात चौपाटीची फोड 'चार पाट' अशी दिली आहे. गिरगावच्या त्या भागात समुद्राचं पाणी चार वाटांनी आत शिरायचं, म्हणून चौपाटी; पालघरकडच्या सातपाटीचं नावही तसंच. म्हणजे हा शब्द मुळात वाळूचा नाही, पाण्याच्या पाटाचा आहे. उजनीच्या पाटावर ज्यांचा ऊस उभा राहतो, त्या जिल्ह्याला पाट परका कसा? वाळूच्या किनाऱ्याला कोकणात पुळण म्हणतात. मालवणात चिवला वेळा नावाचा किनारा आहे. चौपाटी म्हटलं की मुंबई, आणि मुंबईची चौपाटी म्हटलं की भेळ. त्या भेळेबरोबर शब्द घाट चढून वर आला. पुण्यात सारसबागेपाशीही चौपाटी आहेच.

आता आपल्याकडे तो कसा चालतो ते सांगते. मुंबईची चौपाटी जागची हलत नाही. आमची बाजारासारखी 'बसते' आणि 'उठते'. वळीव आला की गाडीवाल्या मावशी फोनवर सांगतात, "ताई, आज येऊ नका, चौपाटी बसलीच नाही." कुणी 'चौपाटी करून आलो' म्हटलं की जेवण बाहेर झालं, हे घरी लगेच कळतं. आणि एक गंमत माझ्या फार आवडीची आहे. आपण गल्लीत जातो, हॉटेलात जातो, पण चौपाटीवर जातो. पायाखाली डांबर असलं तरी 'वर' सुटलेलं नाही. समुद्राची तेवढी खूण आपण नकळत सांभाळली आहे. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसंही 'चौपाटी'च म्हणतात. या शहरात सगळ्यांच्या तोंडी एकसारखा बसलेला शब्द काही रोज मिळत नाही.

भेळवाले मामा कांदा चिरता चिरता मानेनेच चुरमुऱ्याच्या डब्याकडे खूण करतात. डब्याखाली माझी पिग्मीची नोट ठेवलेली असते, चिंचेच्या पाण्याचा वास लागलेली. शेजारी यंत्रमागावरून सुटलेला कामगार बायको-मुलांना घेऊन कठड्यावर बसलेला असतो. एक प्लेट आणि चार चमचे. त्याला कुणी उठ म्हणत नाही, आत यायचे पैसे मागत नाही. फूड कोर्ट म्हटलं की काच, एसी आणि कूपन आलं. तिथे हा माणूस दारातूनच परत फिरेल.

गिरगावची चौपाटीही अशीच सगळ्यांची होती. १९२० साली टिळकांना अखेरचा निरोप तिथेच दिला गेला. १९३० च्या एप्रिलमध्ये लोकांनी कायदा मोडून तिथे मीठ केलं. लगेच मे महिन्यात आपलं सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांचे पुतळे पार्क चौकाजवळ आहेत. चौपाटीवर येणारं पोर कधी ना कधी 'हे चौघं कोण?' म्हणून विचारतंच, आणि आई-बाप हातातली प्लेट सांभाळत सांगतात. मी हे ऐकलं आहे.

म्हणून आपल्या बातम्यांतही 'फूड कोर्ट' न छापता चौपाटीच छापावं, ही विनंती. आणि पाटी बदलण्यावर खर्च करायचाच असेल, तर त्याऐवजी गाड्यांजवळ पिण्याच्या पाण्याचा आणखी एक नळ आणि बायकांसाठी रात्री दहापर्यंत उघडं राहणारं स्वच्छतागृह द्यावं, हेही कृपया छापावं.

आपली,
एक पिग्मी एजंट, सोलापूर