गुरुवारची दुपार राखून ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते ओजेटीसाठी, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याच्या ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी, मुलं घेणाऱ्या प्रत्येक कंपनीनं वाचावं असं मला मनापासून वाटतं. एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा शेवटचा व्हायवा नुकताच झाला. बाहेर आले, आईला फोन लावला आणि दोन वाक्यांतच रडू फुटलं. त्या रडण्यात तुमचा वाटा मोठा होता, म्हणून हे पत्र.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तरच्या मुलांना दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ऑन-जॉब ट्रेनिंग आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या सत्रांत मिळून १० क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, असं दोन्ही करायचं असतं. कल्पना चांगलीच आहे. पण कंपनीतलं काम आणि कॉलेजातलं संशोधन यांचा सांधा कुठे जुळवायचा, हे ज्याचं त्यानं बघायचं. गाईडना नवं काहीतरी हवं असतं, कंपनीला सोमवारपर्यंत चालणारं काहीतरी हवं असतं, आणि मधल्या मधे विद्यार्थ्याची ओढाताण होते.

तुमच्याकडे येण्याआधी मी जिथे होते, तिथे आम्हाला दिवसभर स्क्रीनशॉट काढून एक्सेलमध्ये चिकटवायला बसवलं होतं. यातून संशोधनाचा विषय काढता येईल का, असं विचारलं तर ‘सर्टिफिकेट मिळणार आहे ना, मग डोकं कशाला लावतेस?’ असं उत्तर मिळालं. प्रकल्पाचं काय, तर तयार प्रोजेक्ट विकणारे पुण्यात ढिगानं आहेत. कोड, रिपोर्ट, पीपीटी, सगळं एकत्र देतात. तिकडे जा असं सुचवणाऱ्यांत, ज्यांनी आम्हाला त्यापासून अडवायला हवं होतं, अशीही माणसं होती. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. सांगोल्याहून लेकीला पुण्यात ठेवायचं, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, फी भरायची, हे आमच्या घरानं स्क्रीनशॉट चिकटवण्यासाठी केलं नव्हतं.

तुमच्या टीममध्ये आले तेव्हा मी फारशी आशा ठेवली नव्हती. पहिल्याच बोलण्यात तुम्ही विचारलंत, ‘प्रबंधाचं काय ठरलंय?’ त्याआधी कंपनीतल्या कुणीही मला हे विचारलं नव्हतं. आणि मग थोड्याच दिवसांत ती गोष्ट दिसली. सकाळी कॅलेंडर उघडलं तर गुरुवारची अख्खी दुपार भरलेली. त्यावर लिहिलं होतं: ‘प्रबंध. इथे मीटिंग टाकू नये.’ दर आठवड्याला, थेट माझ्या शेवटच्या सत्रापर्यंत. मला वाटलं चुकून आलंय. मग पाहिलं, तर तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरवरही त्याच वेळेतला शेवटचा तास राखलेला होता. का, हे तुम्ही सांगितलं नाहीत. मला प्रश्न असतील तेव्हा तुम्ही मोकळ्या असाव्यात म्हणून, हे मला नंतर कळलं.

मॅडम, तुम्हाला ही बाब किरकोळ वाटत असेल. मला ती सगळ्यांत मोठी वाटते. कंपनीचं काम नेहमी आजचं असतं. स्टँडअप म्हणजे रोजची छोटी मीटिंग, तिकिटं म्हणजे नोंदवलेली कामं, क्लायंटचा फोन, सगळं आत्ताच्या आत्ता. संशोधन कधीच आजचं नसतं, म्हणून ते रोज उद्यावर जातं आणि शेवटी कॉपी-पेस्ट होतं. त्याला कुणीतरी दिवस नेमून द्यावा लागतो आणि मग तो दिवस राखावाही लागतो. रिलीजच्या धांदलीत मॅनेजर तुमच्या टेबलाशी आले होते, ‘आज जरा तिला आमच्याकडे द्या.’ तुम्ही स्क्रीनवरून नजरही न काढता म्हणालात, ‘शुक्रवारी सकाळी देते. आज तिचा गुरुवार आहे.’ मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. तिचा गुरुवार! माझ्या कामासाठी आजवर कुणी कुणाला असं थांबवलं नव्हतं.

त्या गुरुवारांमुळेच ‘ऱ्य’ सापडला. कंपनीकडे येणाऱ्या ठिबक सिंचनाच्या ग्राहकांच्या तक्रारींत ‘दुसऱ्या व्हॉल्व्हला पाणी येत नाही’ असं शोधलं की काही तक्रारी यायच्या, काही यायच्याच नाहीत. ग्राहक अशुद्ध लिहितात, असं सगळे धरून चालले होते. तसं नव्हतं. शेतकऱ्यांनी अगदी बरोबर लिहिलं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, हा ‘ऱ्य’ दोन रीतींनी साठतो: कुठला कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरतो, तर कुठला खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणारं युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण चालवलं तरी हा फरक मिटत नाही, तो वेगळा मिटवावा लागतो. दुसऱ्या, चाऱ्या, शेतकऱ्याला... मराठीतले रोजचे किती शब्द यात अडकतात ते मोजायला बसले आणि तिथून प्रबंधाचा विषय उभा राहिला. कंपनीला शोध सुधारून मिळाला, गाईड सरांना नवं काम मिळालं. मला तर दोन्ही मिळालं.

तक्रारींमधली नावं, फोन नंबर, गट नंबर काढल्याशिवाय एकही ओळ मला वापरू द्यायची नाही, यावर तुम्ही ठाम होतात. नंबर गाळणारी आज्ञा इंग्रजी आकड्यांपुरतीच लिहिलेली होती, त्यामुळे मराठी आकड्यांत लिहिलेले फोन नंबर तसेच राहात होते. ते तुम्हीच पकडलंत. ज्यांना आपण कधी भेटणार नाही, त्या माणसांचीही तुम्ही इतकी काळजी घेतलीत.

आणि तो निकालांचा तक्ता. काही प्रकारच्या तक्रारींत माझ्या पद्धतीनं काहीच सुधारणा झाली नव्हती. ‘हाही तक्ता ठेव,’ एवढंच तुम्ही म्हणालात. परीक्षकांनी सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच तक्त्यावर विचारले आणि सगळ्यांत मनापासून दादही त्यालाच दिली.

माझे बाबा साताऱ्याला ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकले. सकाळी बागेत काम, मग वर्ग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी काम आणि शिक्षण एका जागी आणलं म्हणून आमच्या घरात पहिला पदवीधर झाला. बाबा नेहमी सांगतात की त्यांना काम नेमून देणारे सर परीक्षा जवळ आली की कुदळ काढून घ्यायचे, ‘जा, अभ्यासाला बस’ म्हणायचे. तुमच्याबद्दल घरी सांगितलं तेव्हा बाबांना तेच सर आठवले. शिकणाऱ्या माणसाकडून काम करून घेणारे पुष्कळ भेटतात. त्याचं शिकणंही आपलीच जबाबदारी आहे असं मानणारी माणसं फार थोडी, पण ती आहेत, आणि त्यांच्या जिवावर आमच्यासारखी मुलं उभी राहतात.

प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे, ती पुढच्या आठवड्यात घेऊन येते. आईबाबांचा निरोप आहे की यंदा डाळिंबाची तोडणी सुरू झाली की तुम्ही घरच्यांना घेऊन सांगोल्याला यायचं. बाबांच्या बागेतही ठिबकच आहे. त्यांच्या तुमच्या ॲपबद्दल बऱ्याच तक्रारी आहेत आणि त्या त्यांना तुमच्या समोर बसून सांगायच्या आहेत. तारीख तुम्ही कळवा.

तुमची,
एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी